कांद्याच्या चाळीतलं धनुष्य

उन्हाळ कांदा चाळीत जायला लागला की काकूचा फोन येतो. यंदा फुगवण बरी आहे, मजूर मिळत नाहीत, ऊन लवकर चढलं. दर वर्षी यातला एखाद-दुसरा शब्द तेवढा बदलतो. शेवटी ती म्हणते, सुलू येणार हे, तू पण ये. मग नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघायचं, शहर संपता संपता हायवेला लागायचं आणि पिंपळगावच्या अलीकडे आत वळायचं. वळणापासून वास सुरू होतो. बाजारातल्या, गोणीत घुसमटलेल्या कांद्यापेक्षा हा वास वेगळा असतो. हा शेतात वाळत पडलेल्या पातीचा वास. कांदा तयार झाला की त्याची मान पडते, असं इकडे म्हणतात. मान पडली की उपटायचा, पातीसकट उन्हात टाकायचा आणि मग विळ्याने मान कापायची. मजूर बायका गप्पा मारत दिवसभर माना कापतात. या शब्दांकडे कुणाचं लक्ष नसतं.

चाळीच्या तोंडाशी, पत्र्याच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर तात्या बसलेले असतात. तात्या म्हणजे माझे मोठे काका. त्यांचा उजवा डोळा गेलेला आहे आणि डाव्यालाही आता कमीच दिसतं. त्यांच्या हातात एक काठी असते. मुठीशी जाड, खाली निमुळती होत गेलेली, थोडीशी बाकदार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती साधी काठी वाटते. ती आधी धनुष्य होती.

चाळ म्हणजे लांबट, अरुंद खोली. जमिनीपासून वर उचललेली, भिंतींच्या जागी फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर पत्रा. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. कांदा वरून कागदासारखा वाळलेला दिसला तरी आत जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, ओल सोडतो. म्हणून त्याला वारा लागतो. आमच्या घरात मात्र चाळीविषयी वेगळीच श्रद्धा आहे. चाळीत ठेवलेलं नासत नाही. त्या श्रद्धेने चाळीच्या आढ्याला आजवर काय काय टांगलं गेलं: लग्नातले हंडे, मोडका पाळणा, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, बियाण्याची मक्याची कणसं. दर वर्षी चाळीतला निम्मा कांदा सडतो. तो चाळीच्या खात्यावर कुणी धरत नाही. कांदा सडला तर भाव वाईट, हवा वाईट, बी वाईट. चाळ चांगलीच.

ते धनुष्य झालं त्या वर्षी तात्यांनी चाळीत धामण वाळत घातली.

धामण म्हणजे इथे झाड. पेठच्या रस्त्याला डोंगर सुरू झाले की बांधाबांधावर दिसतं. होळीच्या आसपास त्याची पानं झडतात आणि फांद्या नुसत्या उरतात. लाकूड चिवट असतं. वाकवलं की वाकतं आणि सोडलं की सरळ होतं. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात, पूर्वी बैलगाडीचे दांडे करायचे, आणि धनुष्य करायचं तर तेच. तात्या पेठकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक होते. नोकरीचं सगळं आयुष्य त्यांनी डोंगरात काढलं आणि निवृत्त होऊन गावी आले ते धनुष्याचं वेड घेऊन. शाळेतल्या पोरांनी राज्याच्या स्पर्धेत मिळवलेल्या पदकांबद्दल ते असं बोलायचे, की बाण पोरांनी मारले होते हे ऐकणाऱ्याला आठवण करून घ्यावी लागे.

सुलू त्यांची एकुलती एक मुलगी. माझी चुलत बहीण. तेव्हा पिंपळगावच्या कॉलेजात बी.ए. करत होती. उंच, खांदे रुंद, तळवे मोठे. कॉलेजात बांबूचं एक धनुष्य होतं, त्यावर ती सराव करायची. तिचा नेम चांगला होता. किती चांगला, ते तिच्या सरांनी घरी येऊन सांगितलं. दसऱ्यानंतर निवड चाचणी आहे, पोरगी निवडली गेली तर बाहेरगावी प्रशिक्षण केंद्रात राहायची सोय होईल, पुढचं शिक्षणही तिथेच. सर चहा पिऊन गेले. त्याच आठवड्यात मनमाडहून स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं, मागे फक्त आई. काकूला ते स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

तात्यांनी दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधल्या. जेवताना म्हणाले, "उधारीच्या धनुष्यावर कुणी राज्याला जात नाय. मी बनवतो. दसऱ्याला चार माणसांपुढं नेम लागला तर जा कुठं जायचं तिथं. नाय लागला तर मनमाडवाले बसलेच हेत."

सुलूने ताटातून मान वर केली नाही. "बनवा," म्हणाली.

हा करार झाला तेव्हा घरातल्या कुणालाच तो क्रूर वाटला नाही, हे नोंदवायला हवं. काकूला तो उदार वाटला. शेजाऱ्यांना कौतुकाचा वाटला: बाप मुलीसाठी हाताने धनुष्य करतोय.

फांदी आणायला गेलो ते आठवतं. तात्यांच्या ओळखीच्या माणसाच्या बांधावर झाड होतं. पान एकही नव्हतं आणि सावलीही नव्हती. तात्या झाडाभोवती फिरले, फांद्यांवर चापट्या मारत, बैलबाजारात बैल बघतात तसे. गाठ असलेली नको, पिळलेली नको, फाटा फुटलेली नको. शेवटी मनगटाहून जाड, सरळ वर गेलेली एक फांदी त्यांनी निवडली आणि करवत सुलूच्या हातात दिली. ती कापत असताना खाली उभे राहून तात्या बोलत होते. हात कसा चालतोय, जात्यावर बसलीय का. एवढ्या मोठ्या तळव्यांचा उपयोग काय, भाकरीच थापायच्या. ते हे चिडून बोलत नव्हते. ते शाळेत दर वर्षी तीस-चाळीस पोरांना असंच शिकवत आले होते आणि पोरं पदकं आणत आली होती, त्यामुळे ही शिकवण्याची रीतच आहे असं त्यांचं मत झालं होतं.

फांदी पडली. कापल्या जागी पाणी सुटलं होतं. तात्यांनी खिशातून मेणबत्ती काढली, पेटवली, आणि दोन्ही तोंडांवर मेण ओतलं. तोंड उघडं राहिलं तर लाकूड तिकडून घाईने वाळतं आणि चिरतं. मेण लावलं की त्याला घाई करता येत नाही. आत आहे ते पाणी बाजूंनी, हळूहळू, सोडावं लागतं. लाकूड कापल्याबरोबर मरत नाही, हे तेव्हा कळलं. त्याला महिने लागतात. करणाऱ्याने त्याला लवकर मरू द्यायचं नसतं. एवढंच त्याचं काम.

बांधावरच पाचरी ठोकून फांदी उभी चिरली. अर्धी टाकली, अर्धी ठेवली. सालीकडचा भाग म्हणजे धनुष्याची पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. पोटाकडून काय ते तासायचं. साल मात्र काढायची. ओली साल लांब लांब पट्ट्यांत निघाली, आणि तात्या म्हणाले, दोरी हिचीच वळायची. धामणीची साल चिवट असते, दोर चांगला होतो. म्हणजे झाडाला वाकवून त्याच्याच कातड्याने बांधून ठेवायचं.

परतताना जीपमध्ये तात्या रंगात आले. तिकडची एक रीत त्यांनी सांगितली. ज्याने धनुष्य बनवलं, पहिला बाण त्याचा. त्याच्या हातून सुटल्याशिवाय धनुष्य दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. ही रीत खरोखर तिकडची की तात्यांची स्वतःची, हे कधी पडताळून पाहिलं नाही. सुलू मागच्या सीटवर फांदी मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

"आणि बनवणाऱ्याचाच नेम चुकला तर?" तिने विचारलं.

"तर बनवणारा खोटा," तात्या म्हणाले आणि हसले.

डोंगरात अशी फांदी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धूर आणि धग लागून ती सुकते, कीड लागत नाही. तात्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. पण आमच्या घरात चूल नव्हती. गॅस होता, आणि चाळ होती. सावली, आरपार वारा, पाऊस आत येत नाही. दुसऱ्या कुठल्या घराला हे सुचलं नसतं. कांदा उत्पादकाला मात्र ते स्वाभाविक वाटतं. आत, भिंतीच्या पट्ट्यांना सुतळीने बांधून फांदी तिरकी लटकवली. बुडख्याची बाजू वर, शेंड्याची बाजू खाली. खाली तेव्हा चाळीचा नुसता रिकामा तळ होता.

मग कांदा आला. त्या साली भाव पडले. ज्यांना विकायचा होता त्यांनीही विकला नाही. सगळ्यांनी चाळी भरल्या. आमची चाळही खांद्यापर्यंत भरली, मग डोक्यापर्यंत. ढीग चढत गेला आणि धामणीची शेंड्याकडची बाजू कांद्यात गेली. पहिल्यांदा टोक बुडालं, मग हातभर. सुलूने ते पाहिलं तेव्हा तिच्या डोक्यावर पाटी होती. पाटी रिकामी न करताच ती म्हणाली, फांदी काढून वर बांधू. तात्या बाहेरून म्हणाले, बांधलेली सोडायची नाही, आता ती बाक धरतेय. आणि चाळीत ठेवलेलं कधी नासलंय का?

तिने पाटी ओतली. आम्ही बघत असताना कांदे घरंगळत त्या टोकाभोवती जाऊन बसले.

त्या उन्हाळ्याचं बाकी काय आठवतं? दुपारी सुलू कॉलेजचं धनुष्य घेऊन बांधावर उभी, समोर भुशाचं पोतं, आणि मागे खाटेवर तात्या. ती दोरी हनुवटीपर्यंत ओढायची. तिचे सर तसंच शिकवत. तात्यांचा त्यावर रोजचा एकच शब्द होता. "कानापर्यंत." ते ओरडायचे नाहीत. सुपारी कातरता कातरता, खाली बघूनच म्हणायचे. बाण पोत्यात लागला तरी तेच, चुकला तरी तेच. "कानापर्यंत, सुले. हनुवटीला पोरी लिपस्टिक लावायला हात नेतात." शेजारची माणसं हसायची. सुलूच्या दंडाच्या आतल्या बाजूला दोरीचा फटका बसून निळे वळ उठलेले असत. काकू त्या वळांवर हळद लावायची आणि तळव्यांवर साय चोळायची. मनमाडवाल्यांनी हात हातात घेतला तर खरखरीत लागायला नको. ती मायेने साय चोळायची, आणि चोळताना म्हणायची, "माझ्या मेलीचे हातच पुरुषाचे. देवानं कुठल्या घाईत केले कोण जाणे."

पाऊसपाणी झालं. श्रावण गेला. भाद्रपदात चाळीखालून काळसर पाणी ठिबकायला लागलं की समजायचं, आत सड सुरू झाली. माणसं नाकाला फडकं बांधून कांदा निवडायला बसली. चांगला एका बाजूला, सडका पाटीत, पाटी उकिरड्यावर. ढीग उतरत गेला तशी फांदी पुन्हा दिसू लागली. बुडख्याकडचा भाग फिकट पिवळा, कोरडा, टिचकी मारली तर वाजणारा. शेंड्याकडचा काळपट. सुलूने तिथे नख दाबलं. खूण उमटली आणि राहिली. मग तिने लाकूड नाकाशी नेलं.

"कांद्याचा वास येतो, तात्या. आत ओल हे."

"लाकडाला वास लागला म्हणून लाकूड कुजत नाय. माझ्या हाताला पण कांद्याचा वास येतो. मी कुजलो का?"

यावर माणसं हसली. उत्तर चांगलंच होतं.

आता दुसरी फांदी आणून वाळवायला वेळ उरला नव्हता. तात्यांनी लाकूड तासायचा वाकस चालवला, मग रंधा, मग फुटक्या काचेने खरवडणं. ओसरीवर सोललेल्या लाकडाचे पातळ पापुद्रे पडत. धनुष्य आकाराला येऊ लागलं की त्याची एक परीक्षा असते. भिंतीतल्या खुंटीवर ते मधोमध टांगायचं, खालून दोरी ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक बाजू जास्त वाकली तर सगळा ताण तिच्यावर येतो आणि ती मोडते. सुलू दोरी ओढायची, तात्या अंगणातून डोळे बारीक करून बघायचे. शेंड्याची बाजू पहिल्या दिवसापासून जास्त वाकत होती.

तात्यांनी तेव्हा जे सांगितलं ते शाळेत शेकडो पोरांना सांगितलेलं असणार. "दुबळ्या बाजूला लाकूड चिकटवता येत नाय. मग करायचं काय? जी दणकट हे तिला खरवडायची. तिला उतरवायचं, दुबळीच्या बरोबरीला आणायचं. सारखं करायचा दुसरा रस्ता नाय."

"मला सांगताय का लाकडाला?" सुलू दोरी ओढून धरूनच म्हणाली.

"जो ऐकेल त्याला."

त्यांनी चांगली बाजू खरवडली. पुन्हा टांगलं, पुन्हा ओढलं, पुन्हा खरवडली. प्रत्येक वेळी धनुष्य थोडं सारखं होत होतं आणि थोडं अशक्त. हे असंच चालू राहिलं असतं तर दोन्ही बाजू नीट जुळल्या असत्या आणि सुलूच्या हातात एक हलकं, मवाळ धनुष्य आलं असतं. पोतं जवळ ठेवून त्यावर नेम लागला असता. पण एका दुपारी तात्या थांबले. एवढं हलकं धनुष्य त्यांच्या नावाचं म्हणून लोकांपुढे आणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी शेंड्याच्या काळपट भागावर लाल दोरा घट्ट, वळ्याला वळा लावून गुंडाळला आणि वरून लाख दिली. डाग दिसेनासा झाला. दिसायला तर ती नक्षीच वाटत होती. पाहणारे सगळ्यात आधी तिचंच कौतुक करत.

वर्तमानपत्रात अपघाताची बातमी लिहायला एक वाक्य पुरतं. कोण, कुठे, कशाने. का, हे विचारायला पुढच्या दिवशी जागा नसते. या प्रकरणात का हे लाल दोऱ्याखाली होतं आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरात हत्यारांची पूजा असते. पाटावर विळे, कोयते, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी. त्या वर्षी या सगळ्यांच्या मधोमध धनुष्य होतं, दोरी चढवलेलं, ताणलेलं. न ताणलेलं धनुष्य म्हणजे नुसता दांडका. तो पाटावर कोण बघणार? तात्यांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नातेवाईक येऊन पाया पडून गेले. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नसते. आणि धनुष्य वापर नसताना ताणून ठेवायचं नसतं. लाकूड थकतं. या दोन्ही गोष्टी तात्यांनीच आम्हाला शिकवल्या होत्या.

पूजा झाल्यावर सुलू पाटापाशी गेली. घरात पाहुणे होते, काकू होती, मी होते.

"तात्या, दोरी तेवढी उतरवते. उद्यापर्यंत असंच ठेवलं तर दम जाईल त्याचा. शेंड्याची बाजू आधीच कच्ची हे."

"पूजेतलं हलवायचं नाय."

"मग तुटेल ते उद्या."

"तुटू दे. देवापुढचं हे, देव बघेल."

तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मुद्दा एवढाच, की तिने ते एकदाच सांगितलं.

दसऱ्याला मनमाडची मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. आपट्याची पानं देऊन झाली, चहा झाला. चाळीच्या तोंडासमोर अंगणात भुशाचं पोतं उभं केलं. अंतर तात्यांनीच ठरवलं होतं आणि ते फार नव्हतं. तो त्यांचा मोठेपणा की मनमाडवाल्यांसमोर शोभा टाळण्याची काळजी, कोण जाणे. सुलू आतून धनुष्य घेऊन आली. त्यावरचं हळद-कुंकू पुसलेलं नव्हतं. अंगणाच्या मध्यावर ती थांबली, लाल दोऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग वळली आणि दोन्ही हातांवर धनुष्य आडवं धरून तात्यांसमोर उभी राहिली.

"पहिला बाण बनवणाऱ्याचा. तुमचीच रीत हे."

तात्यांचा चेहरा उजळला. असं खुलून हसताना त्यांना क्वचितच कुणी पाहिलं असेल. मनमाडच्या मामांना त्यांनी ती रीत पुन्हा सांगितली, पेठकडची पोरं सांगितली, पदकं सांगितली. धोतराचा सोगा खोचला. धनुष्य उभं धरलं, लाल दोऱ्याची बाजू वर, सगळ्यांना दिसेल अशी. बाण लावला आणि दोरी ओढली. हनुवटीपर्यंत आली. तिथून सोडली असती तरी बाण पोत्यात गेला असता. ते सोडण्याच्या बेतात होते, हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

"कानापर्यंत, तात्या," सुलू म्हणाली.

त्यांचाच स्वर होता. आवाज चढवलेला नाही, जणू सुपारी कातरता कातरता म्हटलेलं. आणि त्यांनी ओढली, कारण पाहुणे बघत होते.

उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. वरची बाजू दोऱ्यातून तुटली, लोंबत्या दोरीसह मागे आली आणि तात्यांच्या तोंडावर बसली. ते बसले नाहीत, पडलेही नाहीत. थोडा वेळ तसेच उभे होते, उजवा हात कानापाशी, जणू दोरी अजून बोटांत आहे. मग बोटांमधून रक्त आलं. काकू धावली, मामा धावले, कुणी जीप काढायला पळालं.

सुलू जागची हलली नव्हती. गडबड तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. मग तिने वाकून तुटलेला तुकडा उचलला, मोडलेलं तोंड नाकाशी नेलं, आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "कांद्याचा वास येतो."

नाशिकला दवाखान्यात नेलं. डोळा वाचला नाही. त्यानंतरचे दिवस तात्या घरी ओसरीवर पडून असायचे. डोळ्यावरची पट्टी सोडून जखमेत थेंब घालायचं काम सुलूकडे आलं, कारण काकूला ते बघवत नव्हतं आणि मुलगी घरात असताना दुसरं कोण करणार? तात्यांना मान मागे टाकून, चेहरा तिच्या हातात द्यावा लागे. ती त्यांची हनुवटी धरायची. तिचे तळवे मोठे होते, चेहरा पुरता मावायचा. निवड चाचणी याच दिवसांत येऊन गेली. कॉलेजच्या सरांचे फोन येत होते. बाप पडून असताना पोरगी कुठे जाणार, हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही. चाचणीच्या दिवशी सकाळी तात्या पडल्या पडल्या म्हणाले, "आज होती ना गं ती तुझी चाचणी?"

"डोळा उघडा," सुलू म्हणाली.

मनमाडच्या स्थळाचं आता काही खरं नाही, असं काकू धरून चालली होती. दसऱ्याच्या दिवशी मुलीदेखत रक्त सांडलं, लोक अपशकुन म्हणणार. झालं उलटंच. मुलाच्या आईने निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे. कारणही कळवलं: एवढं झालं, पण पोरगी ओरडली नाही की रडली नाही. रेल्वेवाल्याचा संसार, पाळीची ड्युटी, घरी-दारी एकटीने बघायचं असतं. अशीच खंबीर पाहिजे. मार्गशीर्षात लग्न लागलं. लग्नात तात्यांनी काळा चष्मा घातला होता. हातात नवी काठी होती. धनुष्याचा उरलेला, न मोडलेला भाग त्यांनी स्वतः तासून घेतला होता. कुणी विचारलं तर सांगायचे, लाकूड अस्सल हे, वाया कशाला घालवायचं?

पुढे एका उन्हाळ्यात, चाळीत कांदा पसरताना, सुलू त्या दिवसाबद्दल आपणहून बोलली. तेवढं एकदाच. मी काही विचारलं नव्हतं.

"मीच मारला असता ना पहिला. अर्धंच ओढून. एका बाणापुरतं टिकलं असतं ते, आणि पोतं कुठं लांब होतं? लागलाच असता. गेले असते मी."

मग हातातला एक मऊ कांदा तिने बोटांनी दाबून पाहिला आणि बाजूला फेकला.

"पण मग ते जन्मभर सांगत राहिले असते, धनुष्य चांगलं होतं."

ती यंदाही आली आहे. मनमाडहून पहाटेच्या गाडीने येते, दोन दिवस राहते, पाट्या वाहते. आता कुणी तिच्या तळव्यांना साय चोळत नाही. येताना जवसाच्या तेलाची छोटी बाटली आणते. दर वर्षी आणते. लाकडाला तेल द्यावं लागतं, नाहीतर ते तडकतं, हे तात्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी मजूर गेल्यावर ती तात्यांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसते, त्यांच्या हातातली काठी काढून घेते आणि फडक्याने तेल लावते. बुडख्यापासून खाली, एका दिशेने, सावकाश. तेवढा वेळ तात्यांचे हात मांडीवर रिकामे असतात. काठी नसली की त्यांना उठता येत नाही. म्हणून ते बसून राहतात.

बघणाऱ्याला वाटतं, लेक बापाची काठी पुसतेय. काकू तर शेजारणींना मुद्दाम दाखवते.

ती काठी मी हातात घेऊन पाहिली आहे. धनुष्याची ती चांगली बाजू. कांद्यात कधी न बुडालेली, पत्र्याखाली कोरडी वाळलेली. इतक्या वर्षांत तिला जवसाच्या तेलाशिवाय कसलाच वास उरलेला नाही. मुळात नव्हताही.

यंदा तेल लावून होत आलं तेव्हा तात्यांनी मान तिच्या दिशेने वळवली. उरलेल्या डोळ्याने त्यांना ती नीट दिसत नसावी. दर वर्षी विचारतात तेच त्यांनी विचारलं, पण आवाज यंदा अगदी बारीक होता.

"सुले, अजून वास येतो का गं?"

सुलूने काठी उचलली. नाकाशी नेली. जराही घाई न करता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाक फिरवलं. मग काठी त्यांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं तिच्याभोवती नीट मिटली.

"येतो, तात्या," ती म्हणाली. "कांद्याचा."